एसजीपीटी वाढले म्हणजे यकृतच बिघडले का?

काही महिन्यांपूर्वी एक शेतकरी जोडपे आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. आईच्या हातातल्या पिशवीत रिपोर्टचे कागद घडी करून ठेवले होते. “डॉक्टर, आठ महिने झाले, पोराच्या लिव्हरची सूज काही उतरत नाही,” वडील म्हणाले.

मी कागद तारखेप्रमाणे लावले. आठ महिन्यांपूर्वी ताप आला म्हणून रक्त तपासले होते. त्यात एसजीओटी 238 आणि एसजीपीटी 286 निघाले. दोन्हींची वरची मर्यादा साधारण 40. त्या दिवसापासून मुलाचे तेल-तूप बंद झाले. यकृताचे टॉनिक सुरू झाले. दर रविवारी शेजारच्या गावाहून काविळीचे झाडपाल्याचे औषध येऊ लागले. गळ्यात काविळीची माळ होतीच. दर महिन्याला रक्त तपासायचे, आकडा तेवढाच यायचा, आणि पथ्य आणखी कडक व्हायचे.

पण मुलाचे डोळे पिवळे नव्हते. ते कधीच पिवळे झाले नव्हते. लघवी गडद नव्हती, भूक चांगली होती, बिलिरुबिन प्रत्येक रिपोर्टात नॉर्मल होते. मी विचारले, “आणखी काही त्रास?” आई म्हणाली, “शाळेत पळताना मागं पडतो. जिना चढताना कठड्याला धरतो. तूप बंद आहे ना, त्यामुळं अशक्तपणा आलाय.”

मी मुलाला जमिनीवर बसवले आणि हात न लावता उठायला सांगितले. त्याला ते जमले नाही. तो आधी ओणवा झाला, मग स्वतःच्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत, उभा राहिला. त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानाने जाड आणि घट्ट होत्या. मी रक्ताच्या आणखी दोन तपासण्या सांगितल्या. गॅमा जीटी नॉर्मल आली. सीपीके, ज्याची वरची मर्यादा 200 च्या आसपास असते, ती 14,000 च्या वर निघाली.

मुलाचे यकृत ठणठणीत होते. आजार स्नायूंचा होता. आठ महिने रक्तातला आकडा खरे तेच सांगत होता. तो कुणाबद्दल सांगतो आहे, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

आजकाल तालुक्याच्या गावीही रक्ताच्या पंचवीस-तीस तपासण्या एकाच पॅकेजमध्ये होतात. रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि ठळक अक्षरातला आकडा पाहून घरात घबराट होते. म्हणून या आकड्यांमागे नेमके काय असते, ते आज समजावून घेऊ.

पेशींची अवजारे

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज नावाचा पदार्थ भाकरीतील पिठूळ भागाची साखर करतो, म्हणून असे होते. अशा पदार्थांना एन्झाइम किंवा मराठीत विकर म्हणतात. शरीरातील प्रत्येक पेशीत अशी शेकडो विकरे असतात. एखादी रासायनिक क्रिया घडवून आणायची, पण स्वतः त्यात खर्ची पडायचे नाही, हे त्यांचे काम. कारागिराच्या अवजारांसारखेच हे म्हणा ना.

बहुतेक विकरांची जागा पेशीच्या आत असते. पेशी निरोगी असली तर तिचे आवरण शाबूत असते आणि अवजारे आतच राहतात. जुन्या पेशी रोज मरत असतात, त्यामुळे थोडी विकरे रक्तात नेहमीच सापडतात. म्हणूनच नॉर्मल आकडा शून्य नसतो. पण एखाद्या अवयवाला इजा झाली, त्याच्या पेशी सुजल्या किंवा फुटल्या, की आतली अवजारे रक्तात वाहून येतात आणि आकडा चढतो.

गावाला पूर आल्यावर नदीतून काय वाहत येते त्यावरून पाणी कुठल्या आळीत शिरले ते सांगता येते. रंधे आणि लाकडाचा भुसा आला तर सुतारांच्या आळीत, सुताच्या लडी आल्या तर विणकरांच्या. पण नुसती घागर वाहत आली तर? घागर प्रत्येक घरात असते. तिच्यावरून एवढेच कळते की कुठेतरी पाणी शिरले आहे.

रक्तातील विकरांचेही असेच आहे. काही विकरे एखाद्याच अवयवात भरपूर असतात, ती सुताराच्या रंध्यासारखी. काही अनेक अवयवांत असतात, ती घागरीसारखी. रिपोर्ट वाचताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा.

ही तपासणी आली कुठून?

रक्तातील किंवा लघवीतील विकर मोजून आतल्या अवयवाची खबर घ्यायची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1908 साली वोल्गेमुट या जर्मन संशोधकाने लघवीतील अमायलेज मोजण्याची सोपी पद्धत दिली आणि स्वादुपिंडाचा दाह ओळखण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला.

पुढची मोठी झेप 1954 साली न्यूयॉर्कमध्ये पडली. लाड्यू, रुब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी दाखवून दिले की हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांच्या रक्तात एसजीओटी हे विकर वाढते. छाती न उघडता हृदयाचे स्नायू मेल्याचे रक्तावरून कळू लागले. पुढच्याच काही वर्षांत इटलीतील नेपल्स येथे डी रिटिस यांनी विषाणूजन्य काविळीत ही विकरे कशी वाढतात ते दाखवले.

म्हणजे पाहा, ज्या एसजीओटीला आज आपण सरसकट ‘लिव्हरची तपासणी’ म्हणतो, ते पहिल्यांदा गाजले ते हृदयासाठी! घागर प्रत्येक घरात असते ती अशी.

1959 साली जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायू झिजत जाणाऱ्या रोग्यांच्या रक्तात सीपीके खूप वाढलेले असते हे दाखवले. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचे निदान ज्या तपासणीने झाले, ती हीच.

कोणते विकर कोणाचे?

रिपोर्टवर नेहमी दिसणारी नावे थोडक्यात पाहू.

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी: सर्वांत जास्त यकृतात. पण स्नायूंतही थोडे असते, हे विसरू नये.

एसजीओटी, म्हणजेच एएसटी: यकृत, हृदय, हातापायांचे स्नायू, मूत्रपिंड, तांबड्या रक्तपेशी अशा अनेक ठिकाणी.

गॅमा जीटी: रक्तात वाढलेले बहुधा यकृत आणि पित्तनलिकांकडून आलेले असते. स्नायूंच्या किंवा हाडांच्या आजारात ते वाढत नाही. म्हणून एखादा आकडा यकृताचा की दुसऱ्या कुणाचा, या वादात ते चांगला साक्षीदार ठरते. मात्र दारू आणि काही औषधांनीही ते वाढते.

अल्कलाइन फॉस्फेटेज: पित्तनलिका आणि हाडे. वाढत्या वयाच्या मुलांत हाडे वाढत असतात आणि गरोदरपणात वारेतून ते येते, म्हणून या दोन्ही अवस्थांत ते जास्त असणे स्वाभाविक आहे.

सीपीके: स्नायू. त्याचा एमबी नावाचा प्रकार मुख्यतः हृदयाच्या स्नायूत.

अमायलेज आणि लायपेज: स्वादुपिंड. पैकी अमायलेज लाळग्रंथीतही असते, त्यामुळे गालगुंडातही वाढते. लायपेजवर जास्त भरवसा ठेवता येतो. वरच्या पोटात एकदम असह्य दुखून ते पाठीकडे जात असेल आणि यांपैकी एखादा आकडा मर्यादेच्या तिपटीहून वर असेल, तर स्वादुपिंडाचा दाह धरून उपचार होतात.

एलडीएच: जवळजवळ सर्व पेशींत. घागरींतली घागर!

एकच आकडा पाहून अवयव सांगता येत नाही तो यामुळेच. दोन-तीन विकरांची जोडी जुळवून पाहावी लागते. एसजीपीटीबरोबर गॅमा जीटी किंवा बिलिरुबिनही वाढले असेल तर बोट यकृताकडे जाते. एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही वाढलेली, पण गॅमा जीटी व बिलिरुबिन नॉर्मल असतील, तर सीपीके करून पाहावे. त्या मुलाचे सीपीके पहिल्याच महिन्यात झाले असते तर? दोष कुणा एकाला द्यावा असे मला वाटत नाही. उमेदीच्या काळात एसजीपीटीचा वाढलेला आकडा पाहून मीही यकृताची औषधे लिहून दिली आहेत.

वेळेला फार महत्त्व आहे

आळीनंतर विचारायचा प्रश्न म्हणजे पूर कधी आला. पेशी फुटल्या की विकर त्याच क्षणी रक्तात दिसत नाही. त्याला वेळ लागतो आणि काही काळाने ते ओसरूनही जाते.

हृदयविकाराच्या झटक्यात सीपीके-एमबी साधारण 4 ते 6 तासांनी चढू लागते, एका दिवसाच्या आत कळस गाठते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. एसजीओटी त्यापेक्षा उशिरा चढते, एलडीएच आणखी उशिरा. आज या कामासाठी मुख्यतः ट्रोपोनिन तपासतात. ते विकर नाही, स्नायूंमधील एक प्रथिन आहे. त्याचा शोधही त्याच एबाशी यांनी 1965 साली लावला. हृदयातील ट्रोपोनिनचा प्रकार हातापायांच्या स्नायूंतील प्रकारापेक्षा वेगळा असल्याने तो हृदयाचा पत्ता नेमका सांगतो. झटक्यानंतर साधारण 3-4 तासांत ते वाढलेले दिसते, नव्या संवेदनशील पद्धतीने त्याहूनही लवकर, आणि आठवडाभर किंवा जास्त दिवस रक्तात राहते.

यातून एक धोका निर्माण होतो, तो नीट ध्यानात घ्यावा. समजा, रात्री 2 वाजता छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागले, घाम फुटला, डावा हात भरून आला. 3 वाजता दवाखान्यात रक्त घेतले आणि रिपोर्ट नॉर्मल आला. घरचे म्हणतात, “गॅस असेल, चला घरी.” पण पहिल्या तासाभराचा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे झटका नाही असा त्याचा अर्थ होत नाही. विकर अजून रक्तात पोचलेच नसेल. अशा वेळी काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात आणि ईसीजीही पुन्हा काढतात. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे. उलट ईसीजीमध्ये झटक्याची स्पष्ट खूण असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात, कारण जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर हृदयाचा स्नायू मरत असतो. तेव्हा छातीत असे दुखल्यास आधी 108 ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठा. लॅबकडे धावू नका.

आकडा काय सांगत नाही

एसजीओटी-एसजीपीटीला ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे. खरे तर ही विकरे यकृताचे काम कसे चालले आहे ते सांगत नाहीत. पेशी फुटत आहेत की नाही एवढेच सांगतात. यकृताचे काम पाहायचे तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहावा लागतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत आकसलेल्या माणसाचे एसजीपीटी पुष्कळदा नॉर्मल येते. घरच्यांना आनंद होतो. पण फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, म्हणून आकडा कमी आहे. पोटात पाणी झालेले असते, पायांवर सूज असते, तेव्हा त्या नॉर्मल आकड्याला काय चाटायचे? उलट साध्या विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी हजाराच्या पुढे जाते, नातेवाइकांची झोप उडते, आणि बहुतेक रोगी विश्रांतीने काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. म्हणजे आकडा मोठा म्हणून आजार मोठा आणि आकडा लहान म्हणून आजार लहान, असे सरळ गणित नाही. रोग्याची शुद्ध हरपू लागली, बडबड सुरू झाली किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर आकडा उतरत असला तरी तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

नॉर्मल मर्यादेबद्दलही एक गैरसमज आहे. निरोगी लोकांपैकी साधारण 95 टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा नॉर्मल म्हणून छापतात. म्हणजे वीस निरोगी माणसांत एखाद्याचा आकडा पट्ट्याबाहेर असणारच. एकाच वेळी तीस तपासण्या केल्यावर एखादा आकडा ठळक अक्षरात आला, तर त्यात नवल काही नाही.

आजार नसतानाही आकडा का वाढतो?

याची काही साधी कारणे आहेत आणि ती डॉक्टरांना आपणहून सांगायला हवीत.

आदल्या दिवशी जड काम, पोती उचलणे, नव्याने सुरू केलेला व्यायाम: सीपीके आणि एसजीओटी वाढतात. कमरेत किंवा दंडात घेतलेले इंजेक्शन: सुई स्नायूत जाते, त्यामुळे सीपीके वाढू शकते. रक्त घेताना सुई नीट न लागून तांबड्या पेशी फुटल्या, तर एलडीएच आणि एसजीओटी खोटे वाढलेले दिसतात. अशा वेळी नमुना पुन्हा घेणेच योग्य. वाढलेले वजन आणि मधुमेह असलेल्यांत यकृतात चरबी साठते आणि एसजीपीटी थोडे वाढलेले राहते. तिथे टॉनिकपेक्षा वजन उतरवण्याचा उपयोग होतो. झाडपाल्याची आणि पुडीतली औषधेही यकृताला इजा करू शकतात. ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ हा भ्रम सोडावा आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव डॉक्टरांना सांगावे.

क्षयरोगाच्या रोग्यांसाठी खास सूचना. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे काहींच्या यकृताला त्रास देतात. मळमळ, उलट्या, भूक जाणे, डोळे पिवळे होणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. पण नुसते एसजीपीटी थोडे वाढले म्हणून स्वतःच्या मनाने औषधे बंद करू नका. अशी किंचित वाढ पुष्कळांना होते आणि औषधे चालू असतानाच उतरते. साधारणपणे लक्षणे असतील तर मर्यादेच्या तिप्पट आणि लक्षणे नसतील तर पाचपट वाढ झाल्यावर औषधे थांबवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात, आणि मग ती टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करतात. अर्धवट सोडलेल्या औषधांनी क्षयाचे जंतू दाद देईनासे होतात. ते संकट एसजीपीटीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

पुन्हा त्या मुलाकडे

मुलाची जनुकीय तपासणी झाली आणि निदान पक्के झाले: डुशेन जातीचा स्नायुऱ्हास. हा आजार जवळजवळ नेहमी मुलांनाच होतो. तो पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण योग्य वेळी सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या औषधांनी मूल जास्त वर्षे स्वतःच्या पायांवर चालू शकते. व्यायामाच्या ठरावीक पद्धतीने सांधे आखडणे लांबवता येते. हृदय आणि श्वास यांच्यावर नियमित लक्ष ठेवून आयुष्य वाढवता येते. त्या आठ महिन्यांत हे सारे सुरू करता आले असते.

दुसरी गोष्ट आणखी नाजूक होती. मुलाला एक धाकटी बहीण आहे आणि दोघांच्या मनात आणखी एका मुलाचा विचार होता. हा दोष बहुतेक वेळा आईकडून येतो, तिला स्वतःला त्रास नसला तरी. आई वाहक असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. आईची तपासणी केली, ती वाहक निघाली. मी त्यांना जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवले. यात तिचा काडीचाही अपराध नाही, हे मी नवऱ्यासमोर आणि सासूसमोर दोन वेळा सांगितले. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवायचे आहे. निदान ते आता माहितीनिशी ठरवतील.

वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. रिपोर्ट हातात आला की आकड्याभोवतालचे गोल पाहून घाबरू नका आणि नॉर्मल पाहून निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हा आकडा कोणत्या अवयवाचा असू शकतो? त्रास सुरू झाल्यापासून किती वेळाने रक्त घेतले? आणि रोग्याच्या लक्षणांशी तो जुळतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या आकड्यावर महिनोन्महिने औषध घेत बसू नका. पुन्हा तपासायला सांगा.

निघताना त्या आईने दारातून मागे वळून विचारले, “डॉक्टर, आता त्याला तूप देऊ का?”

मी म्हटले, “द्या. घरात सगळे जे खातात ते त्यालाही द्या. आणि ती माळ काढून ठेवा.”